आत्याची तीन पानं

नाटकावरून केलेले सिनेमे मला आवडतात. एवढं साधं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

आमच्या मंडळींत हे बोलायची सोय नव्हती. सोलापुरात हौशी नाटक करणारे आम्ही बारा-पंधरा जण. कुणी शाळेत, कुणी कोर्टात, आणि मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात बाकं भिंतीला सरकवून तालीम चालायची. तिथे सिनेमा हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. कुणी जरा जास्त चेहरा हलवला की आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही नुसतंच सर म्हणायचो, ते ओरडायचे, "काय करलालास बे? हितं शूटिंग चाललंय काय?"

मी हसणाऱ्यांबरोबर हसायचो. आणि घरी जाऊन सिनेमा लावायचो.

मला काय आवडायचं ते सांगतो. नाटकात अडीच तास एकच दिवाणखाना. कुणीतरी खिडकीशी जातं आणि म्हणतं, आला बघा टांगा. आपण टांगा आला असं धरून चालतो. सिनेमात तो टांगा खरंच येतो, आणि त्याचा घोडा वाळका असतो. संहितेत घोड्याबद्दल एक अक्षर नसतं. तो वाळका घोडा पाहून मला जो आनंद व्हायचा तो मी कुणाला समजावून सांगू शकलो नसतो. पाठ असलेलं वाक्य एखादी बाई आपल्याकडे पाठ फिरवून, पाणी भरता भरता बोलून टाकते. नाटकात ज्या वाक्याला टाळ्या पडतात ते सिनेमात घागरीच्या आवाजात बुडून जातं, आणि तरीही पोचतं. मी संहिता मांडीवर घेऊन बघत बसायचो. कुठलं वाक्य राहिलं, कुठलं गेलं, काय नवीन आलं. दुसऱ्याला हे काम वाटेल. माझी ती चैन होती.

मी मंडळात प्रॉम्प्टर होतो. आवाज लहान, चेहरा कुणाच्या लक्षात न राहणारा, आणि पाठांतर चांगलं. विंगेत स्टुलावर बसायचं, संहितेवर बोट ठेवून चालायचं, कुणी अडकलं तर ओळ द्यायची. त्याशिवाय आमच्याकडे माझं आणखी एक काम होतं. नाटकात बापाची भूमिका करणारे एक वकीलसाहेब होते. त्यांना जाड भिंगाचा चष्मा. भूमिकेतल्या बापाला चष्मा नव्हता, म्हणून ते तो काढून ठेवायचे आणि मग त्यांना समोरचं माणूसही धड दिसायचं नाही. रंगमंचावर कोण कुठे पोचलंय ते त्यांना विंगेतून कळायचं नाही. म्हणून ते माझ्या पुढ्यात उभे राहायचे आणि एन्ट्रीची वेळ झाली की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून हलकेच ढकलायचो. हात पडला की ते निघाले. विचार नाही, शंका नाही. म्हणायचे, "माझा मेंदू तुझ्या हातात हाय बघ."

ज्या नाटकाबद्दल मी लिहितोय त्याचं नाव लिहीत नाही. जुनं, मोठं नाटक. त्यावर एक सिनेमाही होता. तालमीच्या पहिल्या दिवशी नारळ फोडला की सर सगळ्यांना संहितेवर हात ठेवायला लावायचे आणि शेवटचा प्रयोग होईपर्यंत सिनेमा बघायचा नाही, असं वदवून घ्यायचे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आधीच्या एका नाटकात आमच्या नायकाने सिनेमा पाहिला आणि पुढे दोन महिने तो त्या नटासारखा मान तिरकी करून बोलत राहिला. सर म्हणायचे, "एकदा बघितलं की डोळ्यांतनं जात न्हाय ते."

मीही हात ठेवला. मला वाटलं, मी कुठे नट आहे. माझ्या डोळ्यांत काय राहिलं तरी कुणाचं काय बिघडणार.

त्या नाटकात आत्याची भूमिका करायला एक बाई आल्या होत्या. वळसंगच्या, तिथल्याच भागातल्या एका शाळेत शिक्षिका. शाळा सुटली की एसटीने सोलापूर, तालीम, आणि साडेआठच्या गाडीने परत. घरी सासू, नवरा, दोन मुलं. नाटकात काम करायला घरून एकदाच हो मिळालं होतं, आणि तेही सासूबाईंनी अट घालून: आम्ही बघायला येणार, बघू कसलं काम हाय ते. बाई हे हसत सांगायच्या. पण एसटीत बसून संहिता पुटपुटताना कंडक्टरने त्यांना दोनदा तिकीट विचारलेलंही त्याच सांगायच्या.

आत्याचं काम तसं छोटं. दोन अंक ती चहा आणते, दिवा लावते, कुणी बोललं की मान हलवते. तिसऱ्या अंकात घरातली मुलगी घर सोडून गेल्यावर ती एकटी दिवाणखान्यात येते. मुलीची शाल खुंटीवर राहिलेली असते. ती शाल काढते, घडी घालते, आणि मग बोलायला लागते. तीन पानं. नवऱ्याने टाकल्यापासून या घरात काढलेली सगळी वर्षं त्या तीन पानांत. ती संपली की बाप आत येतो आणि म्हणतो, दार लावून घे, आता कुणी यायचं नाही. सरांनी बाईंना सांगितलं होतं, घडी घातल्यावर लगेच बोलायचं नाही. मनात दहा मोजायचे. लोकांना वाटलं पाहिजे की ही आज पण काही बोलणार नाही. मग सुरू करायचं.

तालमीत त्या बोलायला लागल्या की बाकी सगळे गप्प व्हायचे. इतर वेळी तंबाखू मळत बसणारे वकीलसाहेबसुद्धा हात थांबवायचे.

आणि आता सिनेमा. दोन गल्ल्या सोडून एक सीडी भाड्याने देणारं दुकान होतं. मी तो सिनेमा आणला. एकदा पाहिला, परत केला, पुन्हा आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, इकतच घ्या की वो." कचेरीतून आलो की तालमीला जायच्या आधी दीड तास मिळायचा, त्यात जमेल तेवढा. अकरा-बारा वेळा तरी झाला असेल.

सिनेमात ती तीन पानं नव्हती. दिग्दर्शकाने सगळी काढून टाकली होती. आत्या शाल काढते, घडी घालते. घडी नीट होत नाही म्हणून मोडते आणि पुन्हा घालते. कॅमेरा तिच्या पाठीमागे. एक शब्द नाही. घडी खुर्चीवर ठेवते आणि बाप दारात येतो: दार लावून घे. बस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रागावलो, बाईंची तीन पानं मला पाठ होती ना. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं. सबंध सिनेमात मला सगळ्यात आवडायचं ते हेच. मी तेवढंच मागे नेऊन नेऊन बघायचो.

हे नाटक आम्ही नाट्यस्पर्धेसाठी बसवलं होतं. त्या प्रयोगाला सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. बाईंच्या घरची माणसं चौथ्या रांगेत होती. पहिले दोन अंक सुरळीत. तिसऱ्यात बाई आत गेल्या, खुंटीवरची शाल काढली. मी विंगेत स्टुलावर, वकीलसाहेब माझ्या पुढ्यात पाठमोरे. त्यांच्या बाजूने मला बाई दिसत होत्या, अर्ध्या पाठमोऱ्या, शाल हातात. त्या संध्याकाळी घडी नीट पडली नाही. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली. तालमीत असं कधीच झालं नव्हतं. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता, ते आपोआपच झालं. माझ्या अंगावर काटा आला. मी संहितेकडे बघायचं सोडून दिलं. किती छान चाललंय, एवढंच डोक्यात. घडी खुर्चीवर ठेवली गेली, सगळं शांत, आणि माझा हात उठून वकीलसाहेबांच्या पाठीवर गेला.

ते निघाले.

मला कळलं तेव्हा त्यांचा एक पाय उजेडात गेला होता. बाईंचे दहा मोजून झाले नसतील. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. वकीलसाहेब म्हणाले, "दार लावून घे. आता कुणी यायचं नाही." पुढचं वाक्य बाईंचं होतं, एकाच शब्दाचं. त्या क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं. मागून बाकीची पात्रं आली आणि नाटक पुढे निघून गेलं. परत फिरायला जागाच नव्हती.

पडदा पडल्यावर आत जे झालं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

सरांनी विचारलं, "बाई, काय झालं ओ?"

बाई म्हणाल्या, "मी मोजत होते सर. मोजता मोजता वकीलसाहेब आले."

वकीलसाहेब म्हणाले, "मला एन्ट्री मिळाली, मी गेलो."

सर माझ्याकडे वळले. "एन्ट्री का दिलीस?"

त्या वेळी खरं बोललो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: घडी झाल्यावर लगेच बाप येतो, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? मी म्हणालो, "त्या अडकल्या होत्या सर. मी दोनदा ओळ दिली. त्यांनी उचलली नाही. म्हटलं, आता वकीलसाहेबांना पाठवलेलं बरं."

सरांनी सुस्कारा सोडला. "मग बरं केलंस. वाचवलंस बाबा नाटक."

बाई माझ्याजवळ आल्या. चिडून नाही. हळू आवाजात विचारलं, "भाऊ, दोनदा दिलीत ओळ? मला कशी ऐकू आली नाही?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला म्हणजे स्वतःवरचा काढून घेतला. आपण मोजत होतो हे त्यांना पक्कं आठवत होतं, तरी त्या म्हणायला लागल्या की माझं डोकंच बधिर झालं असेल, मला वाटलं असेल मी मोजतेय.

बाहेर आवारात त्यांची सासू पायऱ्यांवर बसली होती. मी सायकल काढत होतो, सगळं ऐकू आलं. "शालीची घडी घालाया दोन म्हयने येत व्हतीस व्हय गं हितं? ती तर घरी बी घालतीस की." नवरा दुसरीकडे बघत होता. बाई पोराच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन झाकण घट्ट करत राहिल्या.

त्यानंतर त्यांनी नाटक केलं नाही. सरांनीही पुन्हा विचारलं नाही. तीन पानं विसरलेली बाई, असंच त्यांचं नाव पडलं. माझी संहिता मी पुढच्याच रविवारी रद्दीत घातली.

यानंतर वीस-बावीस वर्षं गेली, आणि या काळात मी गप्प बसलो असं कुणाला वाटेल. मी प्रयत्न केले. म्हणजे, प्रयत्न केले असं मी स्वतःला सांगत आलो. एकदा एसटी स्टँडवर भेटल्या. मी म्हणालो, "बाई, त्या प्रयोगाचं एक सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, तुम्ही होतात म्हणून नाटक तरी पुरं झालं. मी सांगते सगळ्यांना." अक्कलकोटची गाडी लागली आणि त्या गर्दीत शिरल्या. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा इतका संताप आला की मी स्टँडबाहेर येऊन घेतलेला चहा तसाच ओतून दिला. पुढे एका लग्नात गाठ पडली तर त्यांनी मला आपल्या सुनेसमोर उभं केलं: "यांनी मला ओळ दिली होती गं, माझीच चूक." जो माणूस आपले आभार मानतोय त्याला खरं कसं सांगायचं हे मला आजही कळलेलं नाही. माफी मागायची तर आधी ते आभार परत करावे लागतात.

सिनेमे मात्र बघत राहिलो. आता तर मोबाईलवर सगळं मिळतं. नाटकावरून केलेला कुठलाही सिनेमा लावला की पहिला अर्धा तास मजेत जातो. मग कुठेतरी नाटकातलं काहीतरी कापलेलं सापडतं आणि मला वाटतं, या कापलेल्या पानांची बाई कुठे असेल. तिथून पुढे धड बघवत नाही आणि बंदही करवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मंडळाच्या जुन्या लोकांनी एकत्र जमायचं ठरवलं. नाटक करायची कुणाची ताकद उरली नव्हती. वकीलसाहेब आता नाहीत. सर पंचाहत्तरीचे झालेत, कानात मशीन आहे. आणि ठरलं काय, तर एका वाचनालयाच्या सभागृहात दुपारी तोच सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा! सरांनीच सुचवलं. "आता शपथ सुटली की," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

बाई आल्या. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत म्हणाल्या, "मी अजून पाहिलेला नाही हो हा. तेव्हा शपथ होती, नंतर धीर झाला नाही."

मी तेव्हाच उठायला हवं होतं, किंवा बोलायला. दोन्ही केलं नाही. पंखे गरगरत होते, खिडक्यांना लावलेल्या पडद्यांच्या फटींतून ऊन आत येत होतं. सिनेमा सुरू झाला. टांगा आला, वाळका घोडा आला. बाई मधेच म्हणाल्या, "अगंबाई, घोडा बघा कसला." त्यांना मजा येत होती. मला पहिल्यांदा माझ्यासारखं बघणारं कुणीतरी शेजारी मिळालं होतं, आणि मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

तो शॉट आला. शाल, घडी, मोडली, पुन्हा घातली. बाप दारात. दार लावून घे.

बाई हलल्या नाहीत. पुढचं दृश्य सुरू झालं. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "हे असं आहे होय." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही तेव्हाच पाहिला होता हा."

मी म्हणालो, "हो."

"ओळ दिलीच नव्हती ना मला?"

"नाही."

"म्हणजे मी मोजतच होते."

"हो बाई."

इतकी वर्षं मी या बोलण्याची तयारी केली होती. सुरुवात कशी करायची, त्या रडल्या तर काय म्हणायचं. ते सगळं वाया गेलं. त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि माझ्याकडे फक्त तीनदा हो-नाही म्हणायचं काम राहिलं. सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

दिवे लागल्यावर म्हणाल्या, "चला. सरांना सांगा."

सर दारापाशी पोह्यांची बशी घेऊन उभे होते. मी सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, मशीनमुळे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोड बे. किती वर्षं झाली. आणि तू कशाला अंगावर घेतोस? बाई अडकल्या होत्या, मी समोर बसून बघितलंय की."

"सर, त्या अडकल्या नव्हत्या. मी सिनेमा पाहिला होता."

"पाहिला असशील. सगळेच बघायचे चोरून, मला काय म्हाईत न्हवतं?" त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, लई मनाला लावून घेऊ नका. मोठमोठ्यांचं होतं असं."

बाईंनी त्यांचा हात खाली काढला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या.

घरी येऊन मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. एवढं मोठं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. त्या प्रयोगात एन्ट्री माझ्या चुकीने गेली, बाईंचा दोष नव्हता, मला त्याचं फार वाईट वाटतं. तासाभरात अकरा अंगठे आणि चार जोडलेले हात आले. एकाने लिहिलं, "जुन्या आठवणी जाग्या झाल्या." दुसऱ्याने, "तुमचा मोठेपणा." त्यातल्या एकालाही ते भिडलं नाही. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. चूक कबूल करायला गेलो आणि माझं कौतुक होऊन बसलं, दुसऱ्यांदा.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"वाचलं मी तुमचं. चूक झाली असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"चूक काय, कुणाची पण होते हो. हात गेला, गेला. त्याचं मला काही नाही. नंतर तुम्ही दोनदा ओळ दिली म्हणालात ते कुठं लिहिलंय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते लिहा. मी वर्गात शिकवताना मधे थांबले की मला घाम फुटायचा, माहितीये? वाटायचं, कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि मला ऐकू येत नाही. निवृत्त होईपर्यंत." मग त्यांनी विचारलं, "आणि तो घडीचा शॉट? आवडायचा तुम्हाला?"

"आवडायचा."

"आता?"

खोटं बोलायची सवय किती पटकन हात पुढे करते ते मला त्या क्षणी कळलं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्यांनाही बरं वाटलं असतं कदाचित.

"आता पण आवडतो," मी म्हणालो.

"मला पण आवडला," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. "तेच तर. माझी तीन पानं काढून टाकली आणि तरी चांगलं दिसतं. हे पण लिहा."

तर लिहितो. त्या दिवशी बाई काहीही विसरल्या नव्हत्या. त्या दहा मोजत होत्या. सिनेमातली घडी डोळ्यांसमोर ठेवून मी वकीलसाहेबांना ढकललं, आणि विचारल्यावर, एकदाही ओळ न देता, दोनदा दिली म्हणून सांगितलं. भीतीने सांगितलं, विचार करून सांगितलं, आणि नंतर त्याबद्दल शाबासकी घेतली. तो सिनेमा मला अजून आवडतो.

हे आधी बाईंना पाठवलं आहे. त्यांनी वाचलंय, मेसेजखाली तशी खूण दिसतेय. त्या हो म्हणाल्या की ग्रुपवर टाकीन, सरांना जाऊन मोठ्याने वाचून दाखवीन. अजून त्यांचं काही आलेलं नाही.